पूर्व कास्तेल्लोत मुक्काम: व्हेनिसच्या शांत टोकाला राहण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपच्या टूरवर गेलेली आपली मंडळी व्हेनिसला साधारण सहा तास देतात. मेस्त्रेच्या, म्हणजे पुलापलीकडच्या उपनगरातल्या, हॉटेलातून सकाळी निघायचं, सान मार्कोच्या चौकात फोटो, रिआल्तोच्या पुलावर फोटो, गोंडोला महाग म्हणून तिचाही नुसता फोटो, आणि संध्याकाळी बसमध्ये. मग ‘गर्दी फार, वास येतो, एकदा बघायला ठीक’ असा निकाल. या शहरात रात्री राहायचं आणि तेही गर्दीच्या दुसऱ्या टोकाला, असं सुचवलं की प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. नातेवाईक, मित्र आणि मित्रांचे मित्र जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे.

कास्तेल्लो म्हणजे नेमकं कुठे?

व्हेनिसचे सहा विभाग आहेत: सान मार्को, सान पोलो, सांता क्रोचे, दोर्सोदुरो, कान्नारेज्जो आणि कास्तेल्लो. कास्तेल्लो त्यांत सर्वांत मोठा. त्याची पश्चिमेकडची बाजू सान मार्कोला खेटून आहे आणि तिथे गर्दी असतेच. मी म्हणतोय तो भाग आर्सेनालेच्या, म्हणजे जुन्या जहाजगोदीच्या, पलीकडचा: व्हिया गारिबाल्दी हा रुंद रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांच्या गल्ल्या, सान पिएत्रोचं बेट आणि अगदी टोकाचं सांत एलेना. गोदीच्या कामगारांची, खलाशांची, कोळ्यांची ही वस्ती. श्रीमंतांचे महाल ग्रँड कॅनॉलवर, इकडे चाळवजा घरांच्या ओळी.

पर्यटकांनी अजून हा भाग गाठला नाही का?

गाठला आहे. ‘कोणालाच माहीत नसलेलं व्हेनिस’ असं काही शिल्लक नाही, आणि तसं सांगणारा काहीतरी विकत असतो. फरक प्रमाणाचा आहे. सान मार्कोपासून व्हिया गारिबाल्दी चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे, पण एका दिवसासाठी आलेला माणूस तेवढं चालत नाही. म्हणून इथे सकाळी मासळीच्या टपरीपुढे उभ्या असतात त्या आसपासच्या आज्ज्या. दुपारी शाळा सुटली की रस्त्यात फुटबॉल. सेको मारिनासारख्या गल्ल्यांत या घरापासून त्या घरापर्यंत दोऱ्या बांधून कपडे वाळत घातलेले असतात.

कोणी तिथे राहू नये?

हा प्रश्न कोणी विचारत नाही, पण तो आधी विचारायला हवा. एकच रात्र असेल तर राहू नका. बॅगा ओढण्यात आणि बोटीची वाट बघण्यात निम्मा वेळ जाईल. पहाटेची ट्रेन किंवा विमान असेल तर राहू नका. खरेदी हा सहलीचा मुख्य हेतू असेल, किंवा दुपारी खोलीवर येऊन तासभर पडून पुन्हा संग्रहालयात जायची सवय असेल, तर आकादेमिया या चित्रसंग्रहालयाच्या आसपास दोर्सोदुरोत घर बघा. पूर्व कास्तेल्लो तीन रात्री किंवा त्याहून अधिक थांबणाऱ्यांसाठी, आणि एखादी संध्याकाळ काहीही न बघता घालवायची तयारी असलेल्यांसाठी आहे.

पत्ता वाचून काहीच कळत नाही. ‘कास्तेल्लो १६४३’ म्हणजे काय?

पुण्याच्या माणसाला हे पटकन कळावं. ‘४१२, नारायण पेठ’ म्हटलं की रस्त्याचं नाव नसतं, पेठ आणि घरक्रमांक एवढंच, व्हेनिसमध्येही तसंच. विभागाचं नाव आणि नंबर. कास्तेल्लोचे नंबर सहा हजारांच्या पुढे जातात, आणि एका कोपऱ्यावर वळलं की मधले शे-दोनशे नंबर गायब होऊ शकतात. म्हणून यजमानाकडून तीन गोष्टी मागून घ्या: गल्लीचं नाव, सर्वांत जवळचा बोटीचा थांबा आणि नकाशावरचा नेमका बिंदू. गल्लीची नावं भिंतीवर पांढऱ्या चौकटीत काळ्या अक्षरांत रंगवलेली असतात. नकाशातलं आणि भिंतीवरचं स्पेलिंग जुळलंच पाहिजे असं नाही, कारण भिंतीवर बऱ्याचदा व्हेनिसची बोली असते. सान पिएत्रो तिथे ‘सान पिएरो’ होतो.

एवढे शब्द पाठ केलेत की पुरे: काल्ले म्हणजे गल्ली, काम्पो म्हणजे चौक, फोंदामेंता म्हणजे कालव्याकाठचा रस्ता, रिओ म्हणजे छोटा कालवा, आणि सोत्तोपोर्तेगो म्हणजे घराखालून जाणारा बोळ. ‘कोर्ते’ लिहिलेलं दिसलं तर ते बहुधा आतलं बंद अंगण असतं. मागे फिरा.

विमानतळावरून कसं यायचं?

मार्को पोलो विमानतळावरून दोन व्यवहार्य वाटा आहेत. पहिली, बसने पियाझाले रोमापर्यंत, साधारण वीस-पंचवीस मिनिटं. मोटारी तिथपर्यंतच येतात, पुढे चाकाचं वाहन नाही. तिथून ४.१ किंवा ५.१ क्रमांकाची वापोरेत्तो, म्हणजे सार्वजनिक बोट, पकडून जार्दिनी थांब्यावर उतरायचं. या बोटी शहराला गोल फेरी मारतात, त्यामुळे उलट दिशेच्या ४.२ किंवा ५.२मध्ये चढलात तर पोचाल, पण सगळं शहर वळसा घालून. १ क्रमांकाची बोट ग्रँड कॅनॉलमधून प्रत्येक थांबा घेत पाऊण तासाहून अधिक वेळ लावते. सामान कमी असेल आणि बाहेरच्या बाजूला उभं राहायला जागा मिळाली, तर पहिल्या दिवशी मुद्दाम तीच घ्या. व्हेनिसमध्ये शिरण्याची याहून चांगली रीत नाही.

दुसरी वाट विमानतळावरूनच सुटणाऱ्या आलिलागुना कंपनीच्या बोटींची. त्या फोंदामेंते नोव्हे, सान झक्कारिया अशा थांब्यांवर येतात. वापोरेत्तोचा पास त्यांवर चालत नाही, तिकीट वेगळं.

वॉटर टॅक्सी सिनेमात छान दिसते. भाडं शंभर युरोंच्या वर जातं. सहा जण आणि सहा बॅगा असतील तर हिशेब करून बघा, एरवी नाही.

मोठ्या बॅगा चालतील का?

चालतील, पण तुम्ही त्यांच्यासोबत चालू शकणार नाही. शहरात चारशेहून अधिक पूल आहेत आणि जवळजवळ प्रत्येकाला पायऱ्या. ‘चाकं आहेत ना बॅगेला’ हा युक्तिवाद पहिल्या पुलापाशी संपतो. घर निवडताना थांब्यापासून किती मीटर हे विचारू नका, वाटेत किती पूल हे विचारा.

आई-बाबांचे गुडघे दुखतात. त्यांना घेऊन जावं का?

हो, आणि या बाबतीत पूर्व कास्तेल्लो बाकीच्या व्हेनिसपेक्षा उजवं आहे. व्हिया गारिबाल्दी मुळात कालवा होता. नेपोलियनच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, तो बुजवून रस्ता केला. त्यामुळे तो सरळ, रुंद आणि एकही पूल न लागणारा आहे. जार्दिनीच्या थांब्यावर उतरून झाडांच्या व्हियाले गारिबाल्दीतून या रस्त्यावर येताना पूल चढावा लागत नाही. त्याच वाटेवर १८९४ साली बांधलेलं जुनं काचघर आहे, त्यात आता कॅफे चालतो. आई-बाबा तिथे दोन तास आनंदाने बसतील. सांत एलेनाही सपाट आहे, बाकडी भरपूर, वर पाइनची सावली.

अडचण घराच्या आत असते. जुन्या इमारतींना लिफ्ट क्वचितच, आणि जिने अरुंद व उभे. ‘पहिला मजला’ म्हणजे तळमजल्यावरचा एक, हे आपल्यासारखंच. तळमजला मिळत असेल तर त्याचे धोके पुढे लिहिले आहेत.

पासही काढून द्या. पाय दुखले की दोन थांब्यांसाठीसुद्धा बोटीत बसता येतं, आणि बोटीत बसून शहर बघणं हा कमी प्रतीचा कार्यक्रम नव्हे.

बोटीचं तिकीट एवढं महाग का? पास घ्यावा का?

एका प्रवासाचं तिकीट ९.५० युरो आणि ते ७५ मिनिटं चालतं. २४ तासांचा पास २५ युरो, ४८ तासांचा ३५, ७२ तासांचा ४५ आणि आठवड्याचा ६५. हे २०२५चे दर, निघण्यापूर्वी एकदा तपासून घ्या. स्थानिकांना बरंच स्वस्त पडतं. पाहुण्यांकडून जास्त घेऊन तो डोलारा उभा आहे आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. सहा ते एकोणतीस वयाच्या मंडळींसाठी ‘रोलिंग व्हेनिस’ नावाचं सवलतीचं कार्ड असतं, त्यावर तीन दिवसांचा पास पुष्कळ स्वस्त पडतो.

चढण्यापूर्वी थांब्यावरच्या यंत्राला पास दर वेळी टेकवायचा. नुसता खिशात असून भागत नाही, तपासनीस दंड करतात.

पायी फिरणाऱ्याला रोज पास लागत नाही. मुरानो, बुरानो, लिदो असं बेटांचं फिरणं सलग दोन दिवसांत बसवा आणि त्या दोन दिवसांचाच पास काढा.

हॉटेल घ्यावं की घर?

हा या पानावरचा सर्वांत अवघड प्रश्न. १९५१ साली व्हेनिसच्या जुन्या शहरात सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते. २०२२मध्ये हा आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. पुढच्याच वर्षी पर्यटकांसाठीच्या खाटा रहिवाशांपेक्षा जास्त झाल्याचं तिथल्या नागरिकांच्या गटांनी मोजून जाहीर केलं. लोक का गेले याची कारणं अनेक आहेत: पुराचा त्रास, मेस्त्रेतली स्वस्त घरं, मोटार ठेवायची सोय, नोकऱ्या. पण आज एखादं तरुण जोडपं कास्तेल्लोत भाड्याने घर शोधतं तेव्हा त्याची स्पर्धा थेट तुमच्या-माझ्याशी असते. महिन्याच्या भाड्यात मिळते तेवढी रक्कम घरमालकाला पर्यटकांकडून आठवड्या-दीड आठवड्यात मिळत असेल, तर तो काय करणार?

म्हणजे ज्या ‘खऱ्या वस्ती’साठी आपण तिथे जातो, ती आपल्या जाण्याने पातळ होते. यावर माझ्याकडे स्वच्छ उत्तर नाही. मी क्रम असा लावतो: आधी कुटुंबाने चालवलेलं छोटं हॉटेल किंवा धर्मसंस्थेचं अतिथीगृह, मग मालक स्वतः त्याच घरात राहतो आणि खोली देतो अशी जागा, आणि त्यानंतर पूर्ण फ्लॅट. वीस-तीस फ्लॅट एकाच नावावर असलेल्या कंपनीचं घर टाळतो.

जाहिरातीत ‘चिन’ हा राष्ट्रीय नोंदणी क्रमांक आहे का ते बघा. २०२५पासून इटलीत अल्पमुदतीच्या प्रत्येक घराला तो दाखवणं बंधनकारक आहे. नसेल तर ते घर बेकायदा चालू असण्याचीच शक्यता जास्त. आणि यजमानाने सगळ्यांचे पासपोर्ट मागितले तर घाबरू नका. पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे करणं त्याच्यावर कायद्यानेच बंधनकारक आहे. व्हिसासाठी राहण्याच्या जागेचा पक्का कागद लागतो, तोही नोंदणी असलेल्या जागेकडूनच नीट मिळतो.

प्रवेश शुल्क भरावं लागतं असं ऐकलं. खरं का?

एका दिवसासाठी येणाऱ्यांना, आणि तेही ठरावीक दिवशीच. २५ एप्रिल २०२४पासून हे सुरू झालं. त्या वर्षी २९ दिवस आणि ५ युरो. २०२५मध्ये ५४ दिवस, आणि ऐन वेळी नोंदणी करणाऱ्याला १० युरो. वेळ सकाळी साडेआठ ते दुपारी चार. चौदा वर्षांखालच्या मुलांना माफ.

मुक्काम करणाऱ्यांनाही माफ, कारण ते दर माणशी दर रात्री मुक्काम-कर भरतात. तो हंगामानुसार आणि जागेच्या दर्जानुसार बदलतो, फक्त पहिल्या पाच रात्रींसाठी घेतात आणि बहुतेक वेळा रोख मागतात. मात्र माफी आपोआप मिळत नाही. अधिकृत संकेतस्थळावर जाऊन ‘मी मुक्कामी आहे’ अशी नोंद करून क्यूआर कोड घ्यावा लागतो. पाच मिनिटांचं काम आहे. निघण्यापूर्वी घरूनच उरका.

आम्ही शाकाहारी आहोत. उपासमार होईल का?

होणार नाही, पण सावध राहायला हवं, कारण व्हेनिसमध्ये मासा अशा ठिकाणी सापडतो जिथे तुम्ही त्याला शोधत नसता. ‘बिगोली इन साल्सा’ हे नाव वाचून शेवयांसारखी पास्ता आणि टोमॅटोचा सॉस वाटतो. असतो कांदा आणि खारवलेल्या अँचोव्ही माशांचा. ‘मोझारेल्ला इन कार्रोत्सा’ हे तळलेलं चीज सँडविच दिसायला निरागस, आत अँचोव्ही किंवा हॅम. वाटाणा-भाताच्या ‘रिझी ए बिझी’त बहुधा डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, आणि राजम्यासारख्या घेवड्याच्या ‘पास्ता ए फाझोई’तही डुकराची चरबी घालायची जुनी पद्धत आहे. पार्मेझान चीज वासराच्या पोटातल्या रेनेट या विरजणाने विरजतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी ते वेगळं सांगून काढायला लावावं.

मग खायचं काय? आर्टिचोकचे शिजवलेले बुंधे, लसूण आणि पार्सली घालून. बाजारात ते सोलून पाण्यात ठेवलेले मिळतात. सांत एरास्मो बेटावरचे वसंतातले कोवळे आर्टिचोक मिळाले तर सोडू नका. भाजलेला पोलेंता, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, भोपळ्याचा रिसोत्तो, वांग्याचे प्रकार. बारमध्ये त्रामेझ्झिनो नावाचं मऊ त्रिकोणी सँडविच मिळतं. अंडं चालत असेल तर त्यातला अंडं-अस्पॅरॅगसचा प्रकार घ्या. ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे’, मांस नको, मासा नको, हे दोन्ही म्हणा. नुसतं ‘वेजेतारियानो’ म्हटल्यावर मासा चालत असेल असं समजणारे लोक तिथेही आहेत.

मासे खाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. कोकणी जिभेला ‘सार्दे इन साओर’ आवडेल: तळलेल्या सार्डिन, वर व्हिनेगरमध्ये शिजवलेला भरपूर कांदा, बेदाणे आणि पाइनच्या बिया. खलाशांनी मासे टिकवायला काढलेली युक्ती.

संध्याकाळी बाकारोत, म्हणजे छोट्या दारूच्या गुत्त्यात, उभ्याने चिकेत्ती खायचे असतात. पावाच्या चकतीवर काही ना काही ठेवलेलं. उभं राहिलं तर स्वस्त, टेबलाशी बसलं तर बिलात ‘कोपेर्तो’ हा माणशी आकार वाढतो. तो बेकायदा नाही, मेन्यूत बारीक अक्षरांत लिहिलेला असतो.

घरी स्वयंपाक करायचा झाला तर?

व्हिया गारिबाल्दीच्या टोकाला, जिथे बुजवलेला रस्ता संपून पुन्हा कालवा सुरू होतो, तिथे भाजीवाल्याची बोट लागलेली असते. भाजी बोटीतून घ्यायची. फळं स्वतः चिवडू नका. बोट दाखवा, तो काढून देईल. इटलीत सगळीकडेच हा शिष्टाचार आहे.

डाळ, हिंग, हिरवी मिरची, कोथिंबीर हवी असेल तर मेस्त्रे गाठा. तिथे आणि मार्गेराच्या भागात बांगलादेशी लोकांची मोठी वस्ती आहे, त्यांतले बरेच जहाजबांधणीच्या कारखान्यात काम करतात. स्टेशनजवळच्या व्हिया पियावेच्या आसपास त्यांची किराणा दुकानं आहेत. तांदूळ मात्र जुन्या शहरातल्या कुठल्याही दुकानात मिळतो. खिचडीला इथला रिसोत्तोचा तांदूळ चालतो, जरा चिकट होते एवढंच.

तीन दांड्यांचा आपला गोल प्लग तिथे बसत नाही, दोन बारीक दांड्यांचा बसतो. कुकर नेत असाल तर शेगडी इंडक्शनची आहे का ते आधी विचारा.

कचरा कुठे टाकायचा?

रस्त्यात ठेवायचा नाही. पालिकेच्या कंपनीची कचरा-बोट सकाळी ठरलेल्या जागी लागते, तिथे स्वतः नेऊन द्यायचा. किंवा कर्मचारी दारावरची बेल वाजवतो तेव्हा त्याच्या हातात द्यायचा. कागद आणि प्लास्टिकचे वार वेगळे, रविवारी सुट्टी. रात्री दाराबाहेर पिशवी ठेवली तर सकाळपर्यंत सीगल पक्षी ती गल्लीभर पसरतात आणि शेजाऱ्यांना कळतं की वर पाहुणे उतरलेत.

पायी अंतरावर बघण्यासारखं काय आहे?

भरपूर, आणि बहुतेक ठिकाणी रांग नसते.

सान पिएत्रो दी कास्तेल्लो हे चर्च १८०७पर्यंत व्हेनिसचं कॅथेड्रल होतं. सान मार्को तोवर दोजेचं, म्हणजे शहराच्या प्रमुखाचं, खासगी प्रार्थनास्थळ. म्हणजे बिशपला सत्तेपासून शक्य तितकं लांब, बेटाच्या टोकाला बसवलं होतं. व्हेनिसच्या राजकारणाचं एवढं नेमकं चित्र दुसरीकडे दिसत नाही. आत संत पीटरचं म्हणून सांगितलं जाणारं एक दगडी आसन आहे. त्याची पाठ एका मुस्लिम थडग्याच्या शिळेची, आणि तीवर अरबीत कुराणातल्या ओळी कोरलेल्या आहेत. बाहेर पांढऱ्या दगडाचा कललेला घंटाघर-मनोरा, आणि समोर गवताचा चौक. जूनच्या शेवटी इथे सान पिएरोची जत्रा भरते: लांबलचक बाकडी, तळलेले मासे, गाणी. तारखा जुळत असतील तर सोडू नका.

आर्सेनालेच्या दारावर दगडी सिंह आहेत. त्यांतला बसलेला मोठा सिंह व्हेनिसचा सेनापती फ्रांचेस्को मोरोझिनी याच्या मोहिमेनंतर सतराव्या शतकाच्या अखेरीस अथेन्सच्या पिरेअस बंदरातून उचलून आणला. त्याच्या अंगावर पुसट अक्षरं दिसतात. स्कँडिनेव्हियाच्या भाडोत्री सैनिकांनी मध्ययुगात कोरलेली ती रून लिपी आहे. ‘अमुक इथे आला होता’ ही हौस सिंहगडापुरती नाही.

सान जोर्जो देल्ली स्कियाव्होनी ही दाल्मेशियन, म्हणजे आजच्या क्रोएशियाच्या किनाऱ्यावरच्या, लोकांची जुनी संस्था; आत कार्पाच्चोची चित्रं ज्या संस्थेसाठी काढली तिच्याच इमारतीत आहेत. सान झक्कारियात बेल्लिनीचं १५०५चं वेदीचित्र. सान फ्रांचेस्को देल्ला व्हिन्यामध्ये पाल्लादिओ या वास्तुकाराने रचलेला दर्शनी भाग आणि मागे द्राक्षमळा. तिन्ही एका सकाळी होतात, पण एकेक करून बघा.

पाण्याकाठच्या रस्त्याचं नाव रिव्हा देई सेत्ते मार्तिरी, सात हुतात्म्यांचा किनारा. ३ ऑगस्ट १९४४ रोजी जर्मनांनी सात कैद्यांना इथे गोळ्या घातल्या आणि आसपासच्या रहिवाशांना ते बघायला लावलं. आज तिथे लोक पळायला जातात.

सान मार्कोकडे गेलात तर एक मराठी धागाही सापडेल. पाण्याच्या बाजूची दणकट इमारत म्हणजे जुनी टांकसाळ. तिथे पाडलेली सोन्याची दुकातं व्यापारातून आपल्या किनाऱ्यावर आली. नाण्यावर संत मार्कापुढे गुडघे टेकलेला दोजे. आपल्याकडे त्या आकृत्यांवरून नाणं ‘पुतळी’ झालं आणि गळ्यात पुतळ्यांची माळ आली.

बिएन्नालेच्या काळात जावं की टाळावं?

पूर्व कास्तेल्लो शांत नसतं ते याच काळात, हे कोणी स्पष्ट सांगत नाही. १८९५पासून चालू असलेलं हे प्रदर्शन जार्दिनी आणि आर्सेनाले या दोन्ही ठिकाणी भरतं, म्हणजे तुमच्या घराच्या दोन्ही बाजूंना. सध्या सम वर्षी कला आणि विषम वर्षी वास्तुकला. वसंतात उघडतं, नोव्हेंबरात संपतं. उद्घाटनाच्या आठवड्यात खोल्यांचे भाव आभाळाला भिडतात. तो आठवडा टाळा. नंतर मात्र प्रदर्शनाच्या दारात राहण्यासारखं सुख नाही: सकाळी दोन तास बघा, घरी जेवा, दुपारी पुन्हा जा. सोमवारी बहुधा बंद असतं, आणि तो दिवस वस्तीला परत मिळतो.

आर्सेनालेतल्या २०१९च्या भारतीय दालनात गांधीजींच्या दीडशेव्या जयंतीनिमित्त मुंबईचे अतुल दोडिया, जितीश कल्लाट आणि शकुंतला कुलकर्णी यांचीही कामं होती. जुन्या दोरखंड-कारखान्याची ३१६ मीटर लांब इमारत प्रदर्शनाचा भाग आहे. कलेत रस नसला तरी ती बघावी.

पाणी भरतं तेव्हा काय करायचं?

मोठ्या भरतीला ‘आक्वा आल्ता’ म्हणतात. मुख्यतः ऑक्टोबर ते जानेवारी. ४ नोव्हेंबर १९६६ला पाणी १९४ सेंटीमीटरपर्यंत चढलं, १२ नोव्हेंबर २०१९ला १८७पर्यंत. ३ ऑक्टोबर २०२०पासून मोझे ही फाटकांची यंत्रणा खाडीच्या तीन मुखांशी वर उचलली जाते; एकूण ७८ फाटकं. ११० सेंटीमीटरचा अंदाज असला की ती उचलतात, त्यामुळे आता मोठा पूर सहसा आत येत नाही. त्याखालच्या भरतीला सान मार्कोचा सखल चौक मात्र भिजू शकतो. पाणी काही तासांत ओसरतं, मुंबईच्या जुलैसारखा दिवसभराचा प्रकार नाही.

तळमजल्याचं घर म्हणून हिवाळ्यात घेऊ नका. पाणी नाही आलं तरी ओल असते. आणि कालव्यांना वास येतो का? ओहोटीला, अरुंद कालव्यात, कधी कधी. पूर्व कास्तेल्लोला खाडीचा वारा लागतो, इथे कमी. डास मात्र उन्हाळ्यात आहेत. खिडकीला जाळी आहे का ते विचारा आणि ओडोमॉस न्या.

रात्री सामसूम असते. सुरक्षित आहे का?

सामसूम असते, दहानंतर स्वतःच्या पावलांचा आवाज ऐकू येतो, आणि आपल्याला त्याची सवय नसल्याने तो पाठलागासारखा वाटतो. एकट्या बाईने इथे रात्री चालत घरी जाणं नेहमीचं आहे. पाकीटमार असतात ते गर्दीच्या बोटीत आणि रिआल्तोवर, इथे नाही. रात्री ‘एन’ ही बोट चालते, फेऱ्या कमी. दुखलं-खुपलं तर शहराचं मुख्य रुग्णालय कास्तेल्लोतच आहे, पंधराव्या शतकातल्या नक्षीदार दर्शनी भागामागे. आपत्कालीन नंबर ११२, रुग्णवाहिका बोटीतून येते.

लहान मुलांचं काय?

त्यांना सगळ्यात जास्त मजा येते. जार्दिनीत आणि सांत एलेनाला खेळायच्या बागा आहेत, बोटीने थोड्याच वेळात लिदोचा समुद्रकिनारा, आणि मोटार अंगावर येईल ही भीती नाही. पण कालव्यांना कठडे नसतात. पळत सुटणाऱ्या वयाचं मूल असेल तर हात सोडू नका, आणि बाबागाडीऐवजी पाठीवरची झोळी न्या.

सांत एलेनाला शहराच्या संघाचं फुटबॉल मैदानही आहे, १९१३चं. सामन्याच्या दिवशी प्रेक्षक बोटी भरभरून येतात. त्या दिवशी बॅगा घेऊन तिकडून निघायचा बेत आखू नका.

कान्नारेज्जो किंवा जुदेक्का जास्त चांगलं नाही का?

उत्तर कान्नारेज्जो, म्हणजे सांत आल्व्हिझे आणि माडोन्ना देल्लोर्तोचा परिसर, शांत आहे आणि रेल्वे स्टेशन जवळ. दोनच रात्री असतील तर तोच घ्या. जुदेक्का हे पाण्यापलीकडचं बेट निवांत, समोरून शहराचं दृश्य अप्रतिम, पण प्रत्येक वेळी बोट लागते. मेस्त्रे स्वस्त आहे आणि सोयीचंही, पण तिथे राहिलात तर रात्रीचं आणि पहाटेचं व्हेनिस बुडालं.

तिथल्या लोकांशी वागताना काय लक्षात ठेवायचं?

दुकानात शिरताना ‘बोंजोर्नो’ म्हणा, संध्याकाळी ‘बोनासेरा’. गल्लीत उजवीकडून चाला आणि पुलावर मधोमध फोटोसाठी थांबू नका. मागे कोणीतरी भाजीची पिशवी घेऊन उभं असतं. बोटीत पाठीवरची सॅक काढून हातात घ्या. वाळत घातलेल्या कपड्यांचे फोटो सगळेच काढतात. कपडे घालणारी बाई खिडकीत असेल तर नका काढू. आणि रात्री अकराला काल्लेत उभं राहून भारतातल्या घरी व्हिडिओ कॉल करू नका. दोन भिंतींमध्ये आवाज वरपर्यंत चढतो, आणि झोपलेल्यांना मराठी येत नसलं तरी जाग येते.

परतीचं विमान सकाळचं आहे. किती आधी निघावं?

सकाळी नऊचं आंतरराष्ट्रीय विमान असेल तर व्हिया गारिबाल्दीहून पहाटे साडेचारला निघायची तयारी ठेवा: थांब्यापर्यंत चालणं, रात्रीची विरळ बोट, मग बस. शेवटची रात्र पियाझाले रोमाजवळ किंवा मेस्त्रेत काढणं शहाणपणाचं. आदल्या दुपारी सामान हलवा, बॅगा टाका आणि संध्याकाळच्या जेवणाला पुन्हा बोटीने या.